आबांचे वीस आकडे

"लाइट गेली ना मॅडम, की मी मनातल्या मनात वीस मोजतो. एकोणीस-विसाला पाइप हाणतोच."

जॅकवेलवरच्या, म्हणजे नदीकाठच्या पंपांच्या विहिरीवरच्या, आबांनी हे मला नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याची इंजिनिअर म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी मान डोलावली, चहाचा कप खाली ठेवला आणि पुढच्या कामाला लागले. नंतर आठ महिने ज्या प्रश्नामागे धावले त्याचं अर्धं उत्तर त्या वाक्यात होतं. पण सव्वीस वर्षं पंप चालवणाऱ्या माणसाची ती सवय असेल, विडी ओढण्यासारखी, असंच मला वाटलं.

आमचं गाव गिरणेच्या काठचं, तालुक्याचं. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. नदीपात्रात वाळूखाली झिरपणारं पाणी आडव्या जाळीदार पाइपांतून जॅकवेलमध्ये येतं. धरणातून आवर्तन सुटलं की विहीर तुडुंब असते आणि एप्रिल-मेमध्ये दोन आवर्तनांच्या मधे ती तळ दाखवायला लागते. वाळूतून गाळून येत असल्याने पाणी बहुतेक काळ नितळ, क्लोरीन दिलं की झालं. विहिरीवर ७५ अश्वशक्तीचे तीन व्हर्टिकल टर्बाइन पंप, दोन चालू आणि एक राखीव. तिथून ३५० मिलिमीटर व्यासाची डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे न तडकणारं बीड) पाइपची रायझिंग मेन, पाणी वर चढवणारी मुख्य लाइन, निघते ती ५.४ किलोमीटरवरच्या टेकडीवरच्या टाकीपर्यंत. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत चढ ६२ मीटर. दोन्ही पंप चालू असताना पाइपमधलं पाणी सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतं. जेवणानंतर शतपावलीला निघालेला माणूस साधारण त्याच वेगाने चालतो.

आणि तरी दर महिन्याला, कधी महिन्यातून दोनदा, नाल्यावर लिकेज. जॅकवेलपासून १.१ किलोमीटरवर लाइन एका नाल्याखालून जाते. खाली उतरताना एक ४५ अंशांचा बेंड, वर येताना दुसरा. गावात "पाइप फुटला" असंच म्हणतात, पण डीआय पाइप असा सहजी फुटत नाही. त्याचे सांधे रबर रिंगवर बसवलेले असतात, एका पाइपचं तोंड दुसऱ्याच्या घेरात ढकललेलं. ओढ बसली की सांधा निसटतो. मग जेसीबी लावा, चिखल उपसा, रिंग बदला, बेंड पुन्हा ठोकून बसवा, लाइन भरा, हवा काढा. तोवर गावाला दोन दिवस पाणी नाही, नगरपरिषदेच्या दारात रिकामे हंडे, आणि माझ्या मोबाइलवर नगरसेवकांचे फोन.

प्रत्येक वेळी निदान तेच: माल हलका, काम हलकं. माझ्या आधीच्या इंजिनिअरने एजन्सीला दोन नोटिसा काढल्या होत्या. मीही तिसरी तयार केली होती, सहीसुद्धा झाली होती.

ती पाठवण्याआधी सहज आबांचं लॉगबुक चाळलं. पंप सुरू, पंप बंद, अँपिअर, व्होल्टेज, गेज. शेवटच्या रकान्यात, शाईचा रंग बदलत गेलेला, "लाईट गेली १४.२०. लाईट आली १५.०५. लिकेज नाला." मी वर्षभराची पानं उलटून एका कागदावर मांडणी केली. नाल्यावरची लिकेज १४. त्यांतली ११ अशी, की त्याच तासात वीज गेल्याची नोंद. आबांनी पंप स्वतः बंद केल्यावर मात्र एकदाही नाही. ते बंद करताना आधी डिलिव्हरीचा स्लुईस व्हॉल्व्ह हळूहळू आवळतात आणि मगच बटण दाबतात. वीज मात्र कुणाला विचारून जात नाही.

हलका माल असता तर तो आबांच्या हातानेही निसटला असता. नोटीस मी फाइलमध्येच ठेवली.

पाण्याच्या धक्क्याचा सिद्धांत मी कॉलेजात शिकले होते. पंप अचानक थांबला, तर पाइपमधलं पाणी लगेच थांबत नाही. आमच्या लाइनमध्ये सव्वापाचशे टन पाणी एका दिशेने निघालेलं असतं. मागून ढकलणारं कुणी उरलं नाही, की पंपाजवळ दाब एकदम कोसळतो आणि ती कोसळण्याची लाट पाइपभर पुढे पळते. किती वेगाने, हे पाण्याच्या दबण्यावर आणि पाइपच्या ताणण्यावर अवलंबून. आमच्या व्यासाच्या आणि जाडीच्या डीआय पाइपला हिशेब करून सेकंदाला ११४० मीटर आले. प्लास्टिकच्या पाइपमध्ये तीच लाट कितीतरी संथ चालते, कारण भिंत लवते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७-९८ मध्ये प्रयोग करून झुकोव्स्कीने जे सूत्र मांडलं, ते आजही पहिल्या अंदाजाला तेच: लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला फरक, भागिले ९.८१. आमच्या आकड्यांनी उत्तर आलं ११३ मीटर, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या खांबाचा दाब. चौरस सेंटिमीटरला अकरा किलोंहून जास्त, नेहमीच्या दाबाच्या वर किंवा खाली.

डीपीआरमध्ये, म्हणजे योजनेच्या मूळ प्रकल्प अहवालात, या सगळ्यावर काय आहे ते शोधलं. 'सर्ज अ‍ॅनालिसिस' नावाचं एक पान निघालं. त्यावर लिहिलं होतं की धक्का मर्यादेत असून संरक्षक साधनांची गरज नाही. पानाच्या तळाशी गाव दुसरंच होतं, विदर्भातलं. कुणाचं तरी पान आमच्या फाइलमध्ये जशाच्या तसं आलं होतं. त्या गावात तरी ते खरं असावं, एवढीच इच्छा.

मग मी एक्सेलमध्ये मांडायला बसले. लाइनचे ५४ मीटरचे शंभर तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक रकाना. लाट एक तुकडा ओलांडायला ०.०४७ सेकंद घेते, तेवढी एक ओळ. प्रत्येक खण आपल्या वरच्या ओळीतल्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडून दाब आणि वेग घेतो. हजार ओळी म्हणजे ४७ सेकंदांची गोष्ट. नेहमीच्या कामासाठी आम्ही एपानेट वापरतो, पण ते धक्क्यांसाठी नाही. हॅमरसारखं विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला नगरपरिषदेच्या बजेटमध्ये हेड नव्हता. माझ्याकडे रविवार होते.

तिसऱ्या रविवारी उत्तर आलं. वीज गेल्यापासून साडेनऊ सेकंदांनी लाट टाकीपर्यंत जाऊन परत येते आणि नाल्यावर दाब चढतो. मी खूश होऊन दुसऱ्या दिवशी जॅकवेलवर गेले.

"आबा, वीस नाही. नऊ, साडेनऊ."

आबांनी गेजची काच फडक्याने पुसली. "मॅडम, सातला रिफ्लक्स आपटतो. ठक. तो आवाज वेगळा. पाइप विसाला." रिफ्लक्स म्हणजे पंपावरचा, पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह.

"तुमचं मोजणं हळू असेल."

"असेल," म्हणाले. ते कधीच वाद घालत नाहीत, पण गप्प असे बसतात की आपल्यालाच बोलावं लागतं. मी माझा मोबाइल काढला, स्टॉपवॉच लावलं आणि म्हटलं, मोजा. आबांचे वीस आकडे माझ्या घड्याळात १९.४ सेकंदांत बसले.

घरी येऊन पुन्हा शीट उघडली. या वेळी नाल्याचा रकाना सोडून बाकीचे पाहिले. जॅकवेलपासून ३.२ किलोमीटरवर लाइन एका टेकाडावरून जाते, विहिरीच्या पाण्यापासून ५२ मीटर उंचीवर. त्या रकान्यात लाल आकडा होता: उणे ६०. म्हणजे टेकाडावर पाइपमध्ये दाब उणे साठ मीटर.

एक्सेलला लाज नसते. वातावरणाचा अख्खा भार काढून घेतला तरी आमच्या भागात तो दहा मीटर पाण्याएवढा. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याची वाफ व्हायला उणे साडेनऊ मीटर पुरे. त्याखाली दाब जाऊच शकत नाही, कारण पाणी तिथे थंडच्या थंड उकळतं, पाइपमध्ये वाफेची पोकळी होते आणि पाण्याचा खांब मधोमध तुटतो. टेकाडापलीकडचं पाणी टाकीकडे निघून जातं, अलीकडचं विहिरीकडे मागे येतं, मध्ये काहीही नाही. मग टाकीकडे गेलेलं पाणी दमतं, उतारावरून परत फिरतं आणि दोन्ही खांब समोरासमोर आदळतात. या जाण्या-येण्याला वेळ लागतो. माझ्या नऊ सेकंदांत तो धरलाच नव्हता, आबांच्या विसात तो होता.

पण हा झाला तर्क. टेकाडावर एअर व्हॉल्व्ह आहे, नकाशात आहे, मोजमाप पुस्तकात आहे. दाब कोसळला की त्याने हवा आत घ्यायची, पोकळी होऊच द्यायची नाही. तो असताना खांब तुटायला नको. म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

आमच्या पंपहाउसवर स्काडा आहे, पंप आणि दाब संगणकावर दाखवणारी यंत्रणा. मोठ्या पडद्यावर दाबाची सुंदर सरळ रेघ दिसते, कारण तो पंधरा मिनिटांनी एक आकडा टिपतो. वीस सेकंदांत येऊन गेलेलं काही त्याच्या गावीही नसतं. सुईचा गेज तर आणखी भोळा. दाब शून्याखाली गेला की सुई खुंटीवर टेकून बसते आणि सगळं ठीक असल्यासारखी दिसते.

जळगावला अभियांत्रिकीला शिकणारा माझा मावसभाऊ मदतीला आला. आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डाचा एक डबा, मेमरी कार्ड, सेकंदाला शंभर नोंदी. दाबाचे दोन सेन्सर मीच मागवले, शून्य ते सोळा बारचे, कारण स्वस्त होते. पहिली चाचणी जुलैतल्या एका रात्री दोन वाजता. टाकी भरलेली, गावाचा पुरवठा बंद. नाल्यावर फिटर आणि त्याची माणसं सुट्या रिंगा घेऊन बसलेली. आधी एकाच पंपावर करून पाहिलं, म्हणजे धक्का कमी. ते निभावलं. मग दोन्ही पंप लावले, पंधरा मिनिटं स्थिर होऊ दिले आणि आबांनी मेन स्विच पाडला.

सात. ठक. मी नाल्याच्या काठावर बॅटरी धरून उभी होते, आवाज मोबाइलवर आबांकडून आला. एकोणीस, वीस. पायाखालची माती हलली असं म्हणणं जास्त होईल, पण तळव्यांना काहीतरी लागलं, जवळून भरलेला ट्रक खड्ड्यात आदळावा तसं. बेंडवर अंथरलेल्या मुरुमाला केसासारखी भेग पडली. फिटर म्हणाला, "मॅडम, आता घरी जाऊ."

आलेख पाहिला तर तो खाली शून्यावर कापलेला, टेबलासारखा सपाट. सेन्सर जिथे संपत होता तिथेच खरी गोष्ट सुरू होत होती. स्वस्ताईने अख्खी रात्र आणि सहा माणसांची झोप खाल्ली.

दुसरे सेन्सर उणे एक ते पंचवीस बारचे आणले. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळचा आलेख मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. पंपहाउसवर साडेसहा किलोंवरून रेघ कड्यावरून पडावी तशी पडते, उणे ०.९ ला टेकते. जॅकवेलमधला पंपांचा मजला पाण्याच्या बारा मीटर वर आहे, आणि विहीर त्याही स्थितीत बंद पंपातून थोडं पाणी पुरवत राहते, म्हणून ती तिथेच अडते. सहा-सात सेकंदांना एक छोटा काटा, तो रिफ्लक्स व्हॉल्व्हचा. त्यानंतर रेघ थोडी थरथरत राहते, काही घडत नाही. आणि विसाव्या सेकंदाला नाल्यावरचा सेन्सर एका दमात १५.८ किलोंवर. चालू स्थितीत तिथे सात किलो असतात. त्या दाबाला ४५ अंशांच्या बेंडवर बाहेर ढकलणारं बळ काढलं, तेरा टन आलं. बेंडच्या पाठीशी असायला हवा होता तो काँक्रीटचा ठोकळा, थ्रस्ट ब्लॉक, खणून पाहिला तर फक्त मोजमाप पुस्तकात होता.

सकाळी टेकाडावर गेले.

एअर व्हॉल्व्हचा चेंबर रस्त्यापासून पन्नास पावलांवर. झाकण नाही, आत गुडघाभर गढूळ पाणी, कडेला कपडे धुवायचा दगड. व्हॉल्व्ह होता. त्याच्या खालचा स्लुईस मात्र पूर्ण बंद, आणि स्पिंडलचं चौकोनी डोकं कापून टाकलेलं, कुणी उघडू नये म्हणून. कापणारे आमचेच लोक होते. टेकाडापलीकडे वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची वस्ती आहे, नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. तिथल्या बायका एअर व्हॉल्व्हमधून झिरपणाऱ्या पाण्यावर हंडे भरत. झिरप कमी पडली की कुणी आतल्या गोळ्याखाली काडी अडकवून ती वाढवे. पाणी चोरी, म्हणून तक्रार झाली, तोंडी हुकूम निघाला, स्लुईस बंद झाला. लॉगबुकात तारीख नव्हती, पण नाल्यावरची पहिली नोंद त्यानंतर पाच आठवड्यांतली, एवढं फिटरला आठवत होतं.

मी चेंबरमध्ये वाकून पाहत असताना एक म्हातारी येऊन उभी राहिली. काय चाललंय विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "पानी तुमीच बंद कयं, नि आते पाइप फुटस म्हनतस." आणि गेली. माझ्या तीन रविवारांचं एका ओळीत झालं.

स्लुईस बदलून एअर व्हॉल्व्ह उघडला आणि तिसरी चाचणी घेतली. या वेळी मी टेकाडावर. आबांनी फोनवर "पाडला" म्हटल्यावर अडीच-पावणेतीन सेकंदांत व्हॉल्व्हने श्वास ओढायला सुरुवात केली. ओढणीचं टोक मी जवळ नेलं तर ते तोंडाशी खेचलं जाऊन चिकटलं, सोडवायला झटका द्यावा लागला. हीच ओढ इतके महिने बंद स्लुईसच्या आत चालू होती आणि जिथे सांधा सैल सापडेल तिथून आजूबाजूचं पाणी आत घेत असणार. पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर टेकाडाच्या पुढच्या भागात ओटी टेस्टला (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी) रंग का येत नाही, क्लोरीन कुठे जातं, हा आरोग्य विभागाचा जुना प्रश्न. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी भांडणं बंद केलं. चेंबरमधलं ते पाणी उपसून आधी त्याचा कट्टा वर घेतला.

पण धक्का गेला नाही. १५.८ चा ११.९ झाला, एवढंच. झालं असं, की व्हॉल्व्ह हवा भराभर आत घेतो हे चांगलं, पण पाणी परत आल्यावर तो तितक्याच भराभर ती बाहेर सोडतो. शेवटचा फुगा सुटला की गोळा धाडकन तोंडावर बसतो आणि येणारा खांब त्यावर आदळतो. पोकळीची टक्कर टळली, तर व्हॉल्व्हची टक्कर उभी राहिली. मोठं तोंड म्हणजे चांगला एअर व्हॉल्व्ह, असं आम्ही सगळेच समजून चालतो. हवा आत घ्यायला मोठं आणि बाहेर सोडायला अगदी बारीक तोंड हवं, म्हणजे अडकलेली हवा गादीसारखी दबते.

मॉडेलमध्ये पोकळी आणि हवा दोन्ही धरली, तेव्हा ते १८.६ सेकंद सांगायला लागलं. आबांच्या विसाशी पाऊण-एक सेकंदाचा फरक मी माफ करून घेतला. त्या मॉडेलवर मग पर्याय चालवून पाहिले. पंपहाउसशी हवेचा मोठा सर्ज व्हेसल: उत्तम, पण त्यात कॉम्प्रेसरने हवेची पातळी राखावी लागते, आणि आमच्याकडे तीन पाळ्यांना दोन माणसं. टेकाडावर एकमार्गी टाकी, दाब पडला की आपोआप पाणी सोडणारी: मला फार आवडली होती, पण जागा वनखात्याची. शेवटी जमलं ते असं. टेकाडावर हळू हवा सोडणारे दोन एअर व्हॉल्व्ह. नाला आणि टेकाड यांच्या मध्ये एक झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह, ज्याची चकती पाणी उलटं फिरण्याआधीच, वेग शून्याजवळ आला की स्प्रिंगने बसते आणि परतणारा खांब दोन तुकड्यांत अडवते. पंपांवरचे झुलत्या झडपेचे जुने रिफ्लक्स काढून दुहेरी झडपेचे स्प्रिंगवाले. आणि नाल्यावर खरेखुरे थ्रस्ट ब्लॉक.

अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडते. ज्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला ते यातलं काहीच नव्हतं.

वस्तीला पाणी दिलं नाही, तर नवा एअर व्हॉल्व्हही सहा महिन्यांत तसाच होणार, हे मी सीओ साहेबांना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, सांगितलं. ते म्हणाले, हद्दीबाहेर. ग्रामपंचायत म्हणाली, लाइन तुमची. मी रायझिंग मेनवरून नळ द्यायच्या विरुद्धच होते, कारण दाब उणा झाला की नळाच्या तोंडाशी असेल ते आत ओढलं जातं. हवी होती एक पाच हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, लाइनमधून भरणारी, भरण्याचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर. त्या एका वीतभर अंतरासाठी दोन्हीकडचे ठराव, एक संयुक्त पाहणी आणि चार महिने. एका सभेत "चोरांना बक्षीस का?" असं विचारलं गेलं. मी आलेखाची छापील प्रत फिरवली. ती कुणाला कळली असं वाटत नाही, पण वर्षभरात नाल्यावर जेसीबीला किती दिले तो आकडा मी त्याच कागदाच्या मागे लिहिला होता, तो कळला.

नवे व्हॉल्व्ह बसले जानेवारीत. चौथी चाचणी त्याच महिन्यात, पुन्हा रात्री दोनला, या वेळी शाल पांघरून. मी जॅकवेलवर आबांशेजारी उभी होते. त्यांनी स्विच पाडला आणि डोळे मिटून मोजायला लागले, ओठ हलताना दिसत होते. सातला ठक झालं नाही, स्प्रिंगवाली झडप कधी बसली ते कळलंही नाही. वीस झाले. बावीस. आबा डिलिव्हरीच्या पाइपवर तळवा ठेवून तसेच उभे. डब्यातल्या नोंदीत नाल्यावर सर्वांत जास्त दाब निघाला ९.२ किलो.

"तीस झाले," आबा म्हणाले. "लावू का पंप?"

मे महिन्याची मला अजून धास्ती आहे. तेव्हा विहिरीची पातळी खाली जाते, पंपाच्या तोंडाशी भोवरा होतो आणि हवा थेट लाइनमध्ये शिरते. ती टेकाडावर साठून वेगळाच खेळ करू शकते, आणि माझ्या शीटमध्ये तो रकाना नाही. आबांना सांगून ठेवलंय की अँपिअरचा काटा नाचायला लागला की फोन करा, वेळ पाहू नका. आर्डुइनोचा डबा आम्ही काढला नाही. स्काडाच्या मोठ्या पडद्याखाली, पाण्याच्या बाटलीत भरलेल्या क्लोरीनच्या नमुन्यांशेजारी, तो ठेवलाय. नाल्यावरच्या थ्रस्ट ब्लॉकचं बिल ऑडिटमध्ये आहे. काँक्रीट जमिनीखाली गेल्यामुळे दिसत नाही, असा आक्षेप आहे.